ह्याला गिअर नसतो

डाव्या पायानं क्लच दाबायचा, दांडी ओढून रिव्हर्स टाकायचा, क्लच सोडायचा, झाडाखालून मागं यायचं. पुन्हा क्लच, पुन्हा दांडी, पुन्हा पुढं. संत्र्याची झाडं फांद्या जमिनीला टेकवून बसलेली, त्यामुळं रांगेनं सरळ गेलं आणि गवत कापून झालं, असं नव्हतं. प्रत्येक झाडाच्या पोटात ट्रॅक्टरचं नाक खुपसायचं आणि बाहेर काढायचं. एका झाडाला चार वेळा क्लच. सूनबाईनं सकाळपासून साठ झाडं उरकली होती. त्याचा गुणाकार तिनं केला नव्हता, तिच्या डाव्या गुडघ्यानं केला होता.

तिला सगळी बाग सूनबाईच म्हणायची. मिस्त्रींची ती खरोखरच सून होती, पण फळं तोडणाऱ्या बाया, खोकी वाहणारे, बागेचा मुकादम, ज्यांचा तिच्या सासरशी काडीचा संबंध नव्हता तेही सूनबाईच म्हणत. तिनं त्याला कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला तिच्याकडं दुसऱ्या पुष्कळ गोष्टी होत्या.

लग्नाआधी फळं तोडायला जायची तेव्हा शिडीवरून पडून हा गुडघा मोडला होता. आत लोखंडी पट्टी होती. एरवी पट्टी गप्प असायची, पण क्लच दाबून दाबून दुपारपर्यंत ती अशी काही तापायची, की सूनबाई मांडी हातानं उचलून पाय पॅडलवर ठेवायची. कुणी बघत नाही ना, हे आधी पाहून घ्यायची.

ट्रॅक्टर मिस्त्रींचा. बागेतला बुटका ट्रॅक्टर, पोटाखाली गवत कापायची पाती, मागं छोटी ट्रॉली जोडायची सोय. तिच्या लग्नाच्या आधीपासून तो ह्या बागेत फिरत होता. बागेचं गवत कापायचं काम मिस्त्रींच्या घरात होतं. आधी मिस्त्रींनी केलं, मग त्यांच्या मुलानं. मागच्या वर्षी मुलाच्या हातून चाक काढून घेण्यात आलं आणि मिस्त्रींच्या कमरेनं आधीच दगा दिला होता. उरली सून. ती पंधरा दिवसांत शिकली आणि चाकावर बसली. काम घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

यंदा पाऊस लांबला. गवत कमरेइतकं झालं. त्यात शिडीचा पाय कुठं टेकला ते दिसत नव्हतं आणि गवतात काय पडलंय तेही दिसत नव्हतं. बायांनी सांगून टाकलं होतं, कापल्याशिवाय आम्ही आत शिरणार नाही. सपाटीवरची तोड सुरू झाली होती. उतारावरची शनिवारी सुरू व्हायची होती आणि आज मंगळवार होता.

मुकादम छत्रीची काठी करत रांगेच्या तोंडाशी आला. जाडजूड, घामेजलेला माणूस. तरुणपणी तोही ट्रॅक्टर चालवायचा आणि आता चालवत नसला तरी चालवणाऱ्याला शिकवायचा.

"बाई, सपाटीच अजून संपेना. उतार कधी धरणार?"

"उद्या दुपारी सपाटी संपते. परवा सकाळी उतार."

"ह्या पायानं?" त्यानं छत्रीचं टोक तिच्या गुडघ्याकडं केलं.

सूनबाईचं तोंड तापलं. "पायाचं माझं मी बघते. उताराला हा आणणार नाही. तेलाचा आणते."

मुकादमाचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग तो हसला, पण जरा उशिरानं.

"तो पंपघरावर पडलेला? त्याचं चाकसुद्धा माझ्या उताराला लागता कामा नये. उतारावर गिअरचाच ट्रॅक्टर. जमत नसेल तर आत्ता सांगा, मोठ्या मशीनवाल्याला निरोप धाडतो. त्याची दोन माणसं आणि दोन दिवस. मग पुढच्या वर्षीही तोच."

तेवढ्यात सूनबाईचा नवरा खांद्यावर दोन खोकी घेऊन त्या वाटेनं आला. त्याला अजूनही ड्रायव्हर म्हणत. मुकादमानं त्याला अडवलं.

"काय रे ड्रायव्हर, सापडला का ब्रेक?"

खोकी रचणारे दोघं-तिघं हसले. ही थट्टा वर्षभर चालू होती. हसलं नाही तर मुकादमाला वाईट वाटेल म्हणून आता लोक हसत. ड्रायव्हरनं खोकी खांद्यावर सारखी केली आणि खाली बघत पुढं गेला. सूनबाईनं क्लच इतका जोरात दाबला की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

संध्याकाळी पत्र्याच्या शेडमध्ये ती मिस्त्रींसमोर उभी राहिली. शेड घराला लागूनच होती. एका भिंतीला पाने मोठ्यापासून छोट्यापर्यंत टांगलेले, कोपऱ्यात जुन्या टायरची चवड, खाली तेलानं काळी झालेली जमीन. मिस्त्री कमरेला रुंद पट्टा बांधून स्टुलावर बसले होते. त्यांच्या मागं ताडपत्रीखाली तेलाचा ट्रॅक्टर होता.

त्या ट्रॅक्टरची गोष्ट अशी. तो बागेच्या मालकीणबाईंनी हौसेनं घेतला होता. त्याला गिअरची पेटी नव्हती. इंजिन पंप फिरवायचं, पंप तेल ढकलायचा आणि तेलाच्या जोरावर चाकं फिरायची. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. ड्रायव्हर त्याच्यावर दोन हंगाम बसला. मागच्या वर्षी एका दुपारी त्यानं तो उतारावरच्या चौथ्या रांगेजवळ वाटेत उभा केला आणि पाणी प्यायला, घटकाभर टेकायला पंपघरात गेला. आत पंपाच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. पाणी पिऊन तो दाराशी येतो तोच ट्रॅक्टर वरच्या बांधावरून नाक खाली करून कोसळला आणि पंपघराची भिंत फोडून थांबला. दोन पावलं इकडं-तिकडं झाली असती तर ड्रायव्हर त्याच्या खाली असता. सगळी बाग धावली. पहिला मुकादम पोचला आणि पोचताच म्हणाला, "ब्रेक लावायला विसरला." झालं. तेच खरं ठरलं. मालकीणबाईंनी ट्रॅक्टर भंगारात काढला, मिस्त्रींनी तो ओढत घरी आणला आणि तोंडानं शिव्या देत, हातानं जीव लावून दुरुस्त केला. पण त्याच्यावर कुणी बसलं नाही.

"चालतो का हो मामंजी हा?" सूनबाईनं विचारलं.

"चालतो. चालायला काय, शिवणयंत्रही चालतं."

"मला उताराला न्यायचाय."

मिस्त्रींनी हातातला पाना मांडीवर ठेवला. "हे बघ पोरी, गिअरमध्ये दाताला दात लागलेला असतो. पहिल्यात टाकला, इंजिन बंद केलं की ट्रॅक्टर खुंटीला बांधल्यासारखा उभा. पहाडावर उभा कर. आणि ह्याच्यात काय? तेल! तेल कधी कुणाला धरून राहिलंय? उन्हात तापलं की पातळ होतं, ओढ कमी होते. मी खोललाय ना तो, मला विचार."

"आणि माझा पाय?"

मिस्त्रींनी पाना परत उचलला. तिचा गुडघा रोज संध्याकाळी कसा होतो ते त्यांनी पाहिलं होतं.

शेडच्या दारात ड्रायव्हर बसला होता. तो कुणाकडं न बघता म्हणाला, "मी ब्रेक लावला होता."

"बरं बरं," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात माया होती. "माणूस आहे, विसरतो. गिअर असता तर तुझं विसरणं खपून गेलं असतं. दोष तुझा नाहीच, दोष मशीनचा."

वर्षभर बाप हेच म्हणत होता आणि वर्षभर मुलगा ते ऐकून उठून जात होता. आजही उठला. सूनबाईला त्या क्षणी सासऱ्याचा राग आला. मुलाची बाजू घेता घेता त्यांनीही मुकादमाचंच म्हणणं धरून ठेवलं होतं, आणि त्यांच्या ते गावीही नव्हतं.

ती नवऱ्याच्या मागं अंगणात गेली. "मला शिकवा तो."

"तुला येईल?"

"गिअर आला, हा का नाही येणार?"

मग ताडपत्री निघाली. बॉनेट एका बाजूनं चेपलेलं, बाकी मशीन घासूनपुसून ठेवलेलं. ड्रायव्हर त्याच्यावर बसला नाही, बाजूला उभा राहून सांगत राहिला.

"उजवा पाय. पुढचा पॅडल दाबला की पुढं, मागचा दाबला की मागं. जितका दाबशील तितका पळेल. पाय काढला की थांबेल. ही आखूड दांडी गिअरची नाही, नुसती हळू आणि जोरात अशी आहे. डावीकडं आहे तो ब्रेक. क्लच नाही, लक्षात ठेव."

"आणि उतारावर बंद केला तर?"

"ब्रेक पूर्ण दाबायचा आणि ही कडी वर ओढायची. कडी ओढली नाहीस तर उभा दिसेल, पण उभा नसतो. मुंगीच्या पावलानं सरकत जातो. तेल तापलेलं असलं तर आणखी. आणि ब्रेक परत दाबला की कडी आपोआप पडते, म्हणजे ब्रेक सुटला." तो थांबला. "मी रोज वीस वेळा ती कडी ओढायचो. दोन वर्षं. आणि तो मी चौथ्या रांगेपाशी लावला होता. पडला तो सहाव्या रांगेच्या बांधावरून. सहाव्यापर्यंत गेला कसा, ते मला कळत नाही. उतारानं तो सरळ खाली यायला हवा, आडवा नाही. मी सांगितलं तेव्हाच सगळ्यांना. कुणी ऐकलं नाही. आता कधीकधी मलाच वाटतं, लावला होता का नव्हता?"

लोक हसतात ते सहन होतं. पण धडधाकट, कामाचा माणूस स्वतःच्या हातावरचा भरवसा गमावून बसला होता, आणि ते तिला मुळीच सहन होत नव्हतं.

"तुम्ही लावला होता," ती म्हणाली. "मी हा उतारावर नेणार. आणि तिथं तो उभा करून दाखवणार."

बुधवारी ती तेलाचा ट्रॅक्टर घेऊन सपाटीवर गेली आणि पहिल्याच झाडापाशी तोंडावर पडली. झाडाखालून मागं यायचं म्हणून डाव्या पायानं सवयीनं क्लच दाबला. तो क्लच नव्हताच. ट्रॅक्टर जागच्या जागी गचकन थांबला आणि सूनबाईची छाती स्टिअरिंगवर आपटली.

"सूनबाई, नमस्कार कुणाला घालताय?" वरून आवाज आला. शिडीवाली होती. बायांमध्ये सगळ्यांत उंच, तिची शिडी दुसऱ्या कुणाला पेलायची नाही म्हणून हे नाव. बाया खिदळल्या.

"तुमच्या शिडीला!" सूनबाई ओरडली.

दुसऱ्या झाडापाशी परत तेच. तिसऱ्या झाडापाशी तिनं डावा पाय पदराच्या टोकानं सीटच्या दांडीला बांधून टाकला. मग मात्र पाय ताळ्यावर आला. पुढं, मागं. पुढं, मागं. उजव्या पायाचा चवडा नुसता पुढं झुकवायचा आणि मागं झुकवायचा. दहा झाडं झाली, वीस झाली. पंचविसाव्या झाडाला तिच्या ध्यानात आलं, की आपण दात आवळलेले नाहीत. दुपारी ती ट्रॅक्टरवरून उतरली आणि डाव्या पायावर उभी राहिली, तर पाय नुसता पायासारखा लागला. तिला एकदम रडू आलं. पाण्याच्या टाकीमागं जाऊन तिनं तोंड धुतलं आणि उरलेली सपाटी संपवली.

गुरुवारी पहाटे उजाडता उजाडता ती उतारावर गेली. मुकादमाला विचारलं नाही. विचारलं तर तो नाही म्हणणार, आणि नाही म्हटल्यावर जायचं म्हणजे भांडण. न विचारता गेलं तर नुसतं काम, असा तिचा सरळ हिशेब होता.

उतार म्हणजे डोंगराची एक कूस. झाडांच्या रांगा वरून खाली उभ्या, मधून त्यांना आडवी छेदत जाणारी खोक्यांच्या गाडीची वाट, आणि वाटेच्या खालच्या अंगाला बांध. खाली पंपघर. त्याच्या भिंतीला नव्या विटांचं लाल ठिगळ दिसत होतं. सूनबाईनं तिकडं एकदा बघून घेतलं आणि पाती खाली सोडली. सकाळच्या गारव्यात ट्रॅक्टर छान ओढत होता. ओलं गवत बाजूला उडून पडत होतं, त्याचा वास सगळ्या उतारावर पसरला. पाय काढला की ट्रॅक्टर तिथंच थांबायचा. गिअरच्या ट्रॅक्टरवर उतारात क्लच दाबला की तो दोन हात खाली धावायचा आणि जीव घशाशी यायचा, ते इथं नव्हतं.

पण मिस्त्री बोलले होते ते खोटं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं तशी ओढ कमी होत गेली. चढाला पॅडल पूर्ण दाबूनही ट्रॅक्टर दमेकऱ्यासारखा चालू लागला आणि तापलेल्या तेलाचा वास येऊ लागला. म्हाताऱ्याचा गिअर इथं दुपारीही असाच मुकाट ओढत राहिला असता, हे तिला कबूल होतं. तिनं चौथ्या रांगेपाशी वाटेत ट्रॅक्टर थांबवला, ब्रेक दाबून कडी वर ओढली, इंजिन बंद केलं. सीटखाली पंखा होता, त्याच्या फटीत गवताचा लगदा अडकून बसला होता. काडीनं तिनं तो उकरून काढला. मग बॉनेट उघडं टाकून ती झाडाखाली टेकली. निम्म्याहून अधिक उतार झाला होता. अर्धा तास गार होऊ द्यायचा आणि परत सुरू, उद्या दुपारपर्यंत खेळ खलास.

शनिवारच्या तोडीसाठी बाया शिड्या घेऊन वर येत होत्या. खोकी वाहणारेही होते, त्यात ड्रायव्हर. त्यांच्या मागून खोक्यांनी भरलेली गाडी घरघरत येत होती आणि गाडीच्या पुढं छत्री परजत मुकादम.

"कुणाला विचारून?" तो लांबूनच ओरडला. "कुणाला विचारून हे धूड इथं आणलं?"

सूनबाई उठली. "गवत बघा मुकादम. कापलंय का नाही?"

"गवताचं मरू दे! मी काय सांगितलं होतं? आणि वाटेत उभा केलाय! गाडी माझ्या डोक्यावरून नेऊ का?"

"थांबा, घेते बाजूला."

पण थांबेल तो मुकादम कसला. तिचा पाय आखडला होता, ती दोन पावलं लंगडत येते तोवर तो बॉनेट आपटून, छत्री बगलेत मारून ट्रॅक्टरवर चढलासुद्धा. ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या जन्माच्या सवयीनं त्यानं डावा पाय रोवून पॅडल दाबला, किल्ली फिरवली. खट् करून कडी खाली पडली. ते त्याच्या कानावरही गेलं नाही. उजव्या पायानं चाचपत तो आडवा आडवा सहाव्या रांगेच्या तोंडाशी गेला, तिथं वाट सोडून ट्रॅक्टर उभा केला, आखूड दांडी खाली ढकलली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि उतरला.

"शिकवायला लागतं सगळं," असं म्हणत तो गाडीवाल्याला हात करायला वळला.

सूनबाई ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाकडं बघत होती. चाकापुढं न कापलेल्या गवताची एक काडी होती. ती वाकली. मग दुसरी वाकली. ट्रॅक्टर उभा दिसत होता, पण उभा नव्हता. बांध आठ-दहा हातांवर होता आणि बांधाखाली दोघी बाया शिडी टेकवत होत्या.

तिच्या तोंडातून आवाज फुटायच्या आत ड्रायव्हर पळाला. खांद्यावरचं लाकडी खोकं त्यानं पुढच्या चाकाखाली कोंबलं आणि पाठ लावून अडवून धरलं. खोक्याच्या फळ्या कडकड वाजल्या. सूनबाई लंगडत पोचली, गुडघ्यावर बसली, दोन्ही हातांनी ब्रेकचा पॅडल दाबला आणि कोपरानं कडी वर ढकलली. ट्रॅक्टर थांबला. बांधाखालच्या बाया शिडी टाकून केव्हाच बाजूला झाल्या होत्या.

गाडीवाल्यानं गाडीचं इंजिन बंद केलं.

"बघा!" मुकादमाला पहिल्यांदा वाचा फुटली. "म्हणूनच म्हणत होतो, हे मशीनच—"

"मुकादम," सूनबाई उठत म्हणाली. "बंद करताना तुम्ही काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? गिअरमध्ये टाकून बंद केला. ट्रॅक्टर मला शिकवता?"

"ह्याला गिअर नसतो."

मुकादमानं त्या आखूड दांडीकडं बघितलं.

"ह्याला गिअर नसतो, मुकादम. मी ब्रेक लावून ठेवला होता. तुम्ही क्लच समजून दाबलात तो ब्रेक होता, तो दाबला की कडी पडते. ती पडली आणि तुम्ही परत लावली नाही. आत्ता सगळ्यांच्या देखत."

ड्रायव्हर मोडक्या खोक्यापाशी तसाच उकिडवा बसला होता. त्यानं मान वर केली. चौथ्या रांगेकडं बघितलं, मग ट्रॅक्टरकडं, मग आपल्या पायाखालच्या सहाव्या रांगेच्या बांधाकडं.

"त्या दिवशी खोक्यांची गाडी आली होती," तो हळूच म्हणाला.

"आली होती," शिडीवाली म्हणाली. "मी वर शिडीवर होते. गाडी अडली म्हणून मुकादमांचा आरडाओरडा चालला होता. मग गाडी निघून गेली. कुणी ट्रॅक्टर हलवला असेल, हे डोक्यातच आलं नाही."

मुकादमानं छत्री बगलेतून काढली, परत घातली. "कशावरून?" तो म्हणाला. पण त्यात दम नव्हता.

"तुम्ही सांगा कशावरून," सूनबाई म्हणाली. "मी नाही सांगणार."

मुकादम उन्हातच उभा होता. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरला तरी त्यानं पुसला नाही. मग तो सूनबाईच्या जवळ आला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "हे बघा बाई, उतार तुमचा. ह्याच ट्रॅक्टरनं कापा. पुढच्या वर्षी सपाटी, उतार, सगळं तुमच्याच घरात. ड्रायव्हरलाही परत चाकावर बसवतो. आता विषय वाढवू नका."

जे मागायला ती पहाटे निघाली होती ते सगळं, वर थोडं जास्तच, तिच्या हातावर ठेवलं जात होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. सूनबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तो तिच्याकडं बघत नव्हता, मुकादमाकडं बघत होता. आणि वर्षभरात पहिल्यांदा तो मान वर करून बघत होता.

"मोठ्यानं बोला," सूनबाई म्हणाली.

"अहो—"

"त्या दिवशी ब्रेक विसरला, ते केवढ्यानं बोलला होतात? पार गोदामापर्यंत ऐकू गेलं होतं. तेवढ्यानं बोला. नाहीतर ठेवा तुमचा उतार. मोठ्या मशीनवाल्याला बोलवा. शनिवारपर्यंत येतो का बघा."

"आणि आला तरी आम्ही शिडी लावत नाही," शिडीवाली म्हणाली. तिनं शिडी आडवी टाकली आणि तिच्यावर बसली. बाकीच्या बायाही बसल्या. कुणाला घाई नव्हती.

मुकादमानं घसा खाकरला. "त्या दिवशी... मी बाजूला घेतला होता."

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं," मागून एक बाई म्हणाली.

"मी घेतला होता बाजूला! ट्रॅक्टर!" तो ओरडला. "मला वाटलं, गिअरमध्ये आहे. आधी वाटलं, मशीननंच दगा दिला. पण मालकीणबाईंना सांगायचं तर माझं नाव पुढं येत होतं. हा बिचारा काही बोलणारा नव्हता, म्हणून... ब्रेक ह्यानं लावला असेल. मी नव्हता लावला."

"असेल नाही," सूनबाई म्हणाली.

"ह्यानं लावला होता," मुकादम म्हणाला. आता तो कुणाकडंच बघत नव्हता.

कुणी हसलं नाही. ड्रायव्हर उठला, अंगावरची माती झटकली. तो सरळ मुकादमासमोर गेला. लोकांना वाटलं, आता हा मुकादमाला मारणार. त्यानं मारलं नाही.

"चला," तो म्हणाला.

"कुठं?"

"आमच्या शेडवर. हे माझ्या बापाला येऊन सांगा."

"येईन की. संध्याकाळी येऊन—"

"आत्ता. वाटेच्या कडेला बागेची ट्रॉली मोकळी आहे."

सूनबाईनं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. तेल आता गार झालं होतं. मुकादम ट्रॉलीत छत्री उभी धरून बसला, ड्रायव्हर त्याच्यासमोर काठावर. उतारावरून खाली, गोदामासमोरून, टपऱ्यांच्या रस्त्यानं ती वरात भर दुपारी निघाली. लोक दारात येऊन बघत राहिले. मुकादमानं छत्री उघडली, पण तेवढ्यानं तो झाकला जाणार नव्हता. सूनबाईनं ट्रॅक्टर जोरात हाकला नाही. ज्यांना बघायचं त्यांना नीट बघता यावं, एवढी तिनं काळजी घेतली.

मिस्त्री शेडमध्ये गिअरच्या ट्रॅक्टरखाली घातलेल्या गोणपाटावर आडवे होते. नुसते पाय बाहेर दिसत होते. मुकादमानं त्या पायांकडं बघत सगळं सांगितलं. सांगताना दोनदा अडखळला. ट्रॅक्टरखालून पान्याचा आवाज येत होता तो मध्येच थांबला.

शेवटी मिस्त्री कण्हत कण्हत सरकत बाहेर आले. सूनबाई हात द्यायला पुढं झाली, त्यांनी तो घेतला नाही. पट्टा सावरत, भिंतीला धरून ते उभे राहिले. मुकादमाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते मुलाच्या समोर गेले.

"मी वर्षभर मशीनला शिव्या दिल्या," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी तुझी बाजू घेतोय."

ड्रायव्हर बापाकडं सरळ बघत उभा होता.

"तुला एकदाही विचारलं नाही रे मी."

"आता विचारा."

म्हातारा गांगरला. सुनेकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत सुटका नव्हती. मग त्यांनी काळे हात सदऱ्याला पुसले आणि चारचौघांत विचारावं तसं, शब्द न् शब्द सुटा करून विचारलं, "ब्रेक लावला होतास का?"

"लावला होता," मुलगा म्हणाला. मग परत, मोठ्यानं म्हणाला, "लावला होता, बाबा."

मिस्त्रींनी मान हलवली आणि ते स्टुलावर बसले. मुकादम छत्री मिटून दाराकडं सरकला.

सूनबाई तोवर ट्रॅक्टरवर चढून बसली होती. "बसा मुकादम, चालत कशाला जाता?" तिनं किल्ली फिरवली. "अजून दिवस आहे, आणि उतार व्हायचाय माझा."